मीटर थांबलेला, इंजिन चालू: पोलिसांच्या गाडीत वेगळं काय असतं?

पोलिस दलात नव्या गाड्या दाखल झाल्या की पेपरात साधारण एकसारखाच फोटो येतो. मैदानात ओळीनं उभ्या पांढऱ्या गाड्या, टपावर लाल-निळे दिवे, समोर हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे. हा फोटो सोलापूरच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की खाली दोन प्रश्न हमखास येतात. यांचं इंजिन वेगळं असतं का? आणि या आपल्या गाडीपेक्षा जास्त पळतात का?

आपल्याकडच्या गाड्यांपुरतं उत्तर सरळ आहे: नाही. शोरूममधून तुम्ही घरी आणाल ती बोलेरो आणि पोलिस ठाण्याच्या दारातली बोलेरो, दोन्हींचं बॉनेट उघडून बघा. आत तेच दीड लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, तीच ७५ अश्वशक्ती, तोच पाच गिअरचा गिअरबॉक्स. वर दिवा, आत वायरलेस सेट, सायरन, लाऊडस्पीकर, ११२ च्या कॉलसाठी स्क्रीन आणि बाहेरून पट्टे. फरक इथे संपला.

अमेरिकेत तसं नाही. तिथे फोर्ड, डॉज, शेव्हर्ले या कंपन्या पोलिसांसाठी कारखान्यातूनच वेगळी गाडी काढतात. त्याला पोलिस पॅकेज म्हणतात. त्या पॅकेजमध्ये नेमकं काय बदललेलं असतं याची यादी बघितली की आश्चर्य वाटतं. पाठलागाच्या वेगापेक्षा जास्त विचार त्यात एका वेगळ्याच गोष्टीचा केलेला असतो: गाडी तासन्‌तास चालू इंजिनवर उभी राहिली, दिवसातून तीन ड्रायव्हरांच्या हातून गेली आणि मधेच एकदम जीव तोडून पळवली, तरी ती टिकली पाहिजे. यातल्या निम्म्या गोष्टी सोलापूरच्या उन्हाला तिथल्यापेक्षा जास्त लागू पडतात आणि त्यातल्या काही अगदी स्वस्तात होण्यासारख्या आहेत. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

काम तेच, भार वेगळा

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हे उदाहरण इथल्या माणसाला लगेच कळेल. घरातलं शिलाई मशीन आणि कारखान्यातली जुकी, दोन्ही टाका तोच घालतात. पण घरचं मशीन आठवड्यातून दोनदा उघडतं आणि जुकी पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चालते. म्हणून जुकीची मोटर वेगळी असते, तेलाची सोय वेगळी असते, टेबल भक्कम असतं. घरचं मशीन कारखान्यात लावलं तर शिवण चांगलीच येईल, फक्त थोडेच दिवस.

यंत्रानं किती वेळ काम करायचं, किती वेळ विसावायचं आणि कामात भार किती, या हिशेबाला इंजिनिअर मंडळी ड्यूटी सायकल म्हणतात. तुमची-माझी गाडी सकाळी अर्धा तास चालते, संध्याकाळी अर्धा तास चालते आणि उरलेला दिवस पार्किंगमध्ये झोपते. पोलिसांची गाडी एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जाते. तिचं दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं, आपटतं. ती रस्ता दुभाजकावरून चढते, शेताच्या बांधावर जाते. आणि बराच काळ ती कुठल्यातरी चौकात फक्त उभी असते, इंजिन चालू ठेवून.

उभी गाडी कशी झिजते?

गाडी चालली तर झिजते, उभी राहिली तर नाही, असं आपण धरून चालतो. इंजिन बंद असेल तर ते खरंच आहे. चालू असेल तर गणित वेगळं होतं.

इंजिन मंद गतीवर असतं तेव्हा ऑइल पंपही मंद फिरतो, म्हणजे बेअरिंगपर्यंत जाणाऱ्या तेलाचा दाब कमी. गाडी उभी म्हणजे रेडिएटरवर समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. डिझेल कमी तापमानावर जळतं, त्यामुळे ज्वलन अर्धवट होतं, काजळी धरते आणि ती तेलात उतरते. तेल लवकर काळं पडतं, त्याचा गुण लवकर जातो. आणि या सगळ्या वेळात किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही.

फोर्डनं आपल्या पोलिस गाड्यांसाठी यावर एक ढोबळ हिशेब दिला आहे: मंद गतीवर एक तास उभं राहणं म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं ३३ मैल, म्हणजे साधारण ५३ किलोमीटर चालणं. हा आकडा जरा आपल्याकडे लावून बघा. एखादी गाडी बंदोबस्तात रोज सहा तास चालू इंजिनवर उभी असेल तर दिवसाला ३१८ किलोमीटरची झीज झाली. महिन्याला साडेनऊ हजार किलोमीटर. सर्व्हिस १० हजारावर ठरलेली असेल तर प्रत्यक्षात ती दर महिन्याला यायला हवी. पण काट्यावर महिन्याचे दीड-दोन हजारच दिसतात, म्हणून ती येते पाच-सहा महिन्यांनी. तोपर्यंत तेलाचं डांबर झालेलं असतं.

म्हणूनच अमेरिकी पोलिस गाड्यांत किलोमीटरच्या काट्याशिवाय तासांचं मीटर असतं. एकूण किती तास इंजिन चाललं आणि त्यातले किती तास उभ्याउभ्या चाललं, दोन्ही आकडे ड्रायव्हरसमोर दिसतात. आपल्याकडे ही कल्पना नवी मुळीच नाही. मोहोळ-माढ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, त्याच्या ट्रॅक्टरची सर्व्हिस तासावर असते. जेसीबी, जनरेटर सगळे तासावर. फक्त जी गाडी ट्रॅक्टरसारखीच उभ्यानं राबते तिला आपण टूरिस्ट कारच्या हिशेबानं सांभाळतो.

मग इंजिन बंद का करत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे आणि डिझेल वाचवा म्हणणारे तो नेहमी विचारतात. उत्तर विजेत आहे.

साध्या गाडीत वीज लागते हेडलाइट, एसीचा पंखा, टेप आणि मोबाइल चार्जिंगला. पोलिस गाडीत त्यावर टपावरचे दिवे, १०० वॉटचा सायरन, वायरलेस सेट, जीपीएस, स्क्रीन एवढं सगळं चढतं. १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये एकटा १०० वॉटचा सायरन आठेक अँपिअर ओढतो. सगळं मिळून ३० अँपिअर धरा. ६० अँपिअर-अवरची बॅटरी हा भार दोन तासांत पूर्ण रिकामी होईल आणि स्टार्टर त्याच्या बऱ्याच आधी हात टेकेल. ११२ चा कॉल आला आणि गाडीला धक्का मारायची पाळी आली, ही वेळ कुठल्याच हवालदाराला नको असते. म्हणून इंजिन चालू ठेवलं जातं.

आता गंमत अशी की इंजिन चालू ठेवूनही काम भागत नाही. वीज तयार करतो तो अल्टरनेटर, आपले मिस्त्री ज्याला अजून डायनामो म्हणतात. छोट्या प्रवासी गाडीत तो साधारण ७० ते १०० अँपिअरचा असतो. पण हा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. मंद गतीवर त्याच्या निम्म्यानंही वीज मिळेल याची खात्री नाही. एसी, दिवे, सेट सगळं लावून गाडी उभी ठेवली तर बॅटरीतून जाणारी वीज भरून येणाऱ्या विजेपेक्षा जास्त होते. बॅटरी सहा महिन्यांत बसली की लोक बॅटरीला शिव्या घालतात, खरं दुखणं तिथे नसतंच.

अमेरिकेतल्या पोलिस गाड्यांत अल्टरनेटर २०० अँपिअरच्या वरचा असतो, आणि मंद गतीवरही पुरेशी वीज देईल असा बघून निवडलेला असतो. ब्रिटनमध्ये रन-लॉक नावाची सोय असते: इंजिन चालू, पण किल्ली काढून अधिकारी उतरून गेला तरी गाडी कुणाला पळवता येत नाही. फोर्डनं २०२० च्या मॉडेलपासून एसयूव्ही प्रकारच्या पोलिस गाडीत हायब्रिड इंजिन आणलं. तिथे मोठ्या बॅटरीवर दिवे, रेडिओ, एसी चालतात आणि इंजिन बराच वेळ बंद राहतं, बॅटरी उतरली की थोडा वेळ चालू होऊन पुन्हा बंद होतं. हायब्रिड म्हटलं की आपल्याला मायलेज आठवतं. पोलिसांच्या गाडीत त्याची मोठी कमाई गाडी उभी असतानाच होते.

ब्रिटनमध्ये जे घडलं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक खरी आणि वाईट घटना सांगतो. जानेवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या एम-६ मोटरवेवर कंब्रिया पोलिसांचा एक कॉन्स्टेबल तातडीच्या कॉलवर निघाला होता. त्याच्या बीएमडब्ल्यू गाडीचं डिझेल इंजिन धावत असतानाच फुटलं, तेल सांडून पेट घेतला, गाडी हाताबाहेर गेली आणि त्याचा जीव गेला. त्या जातीच्या इंजिनाचा त्रास इतर पोलिस गाड्यांतही निघाला. पुढे कंपनीनं सांगितलं की हा प्रश्न पोलिस ज्या विशिष्ट पद्धतीनं गाडी वापरतात त्यातून येतो. तासन्‌तास मंद गतीवर उभं राहायचं आणि कॉल आला की लगेच पूर्ण जोर द्यायचा, ही ती पद्धत. सामान्य ग्राहकांच्या गाड्यांबाबत काही करण्याची गरज नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.

नावाजलेल्या कंपनीची, महागडी गाडी होती ती. ड्यूटी सायकल हा शब्द कागदावर कोरडा वाटतो. तो कुणाच्या तरी घरातला माणूस परत येण्या-न येण्याशी जोडलेला आहे, हे या प्रकरणानं दाखवलं.

तापणं: सोलापूरचा खास मुद्दा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. सात रस्त्यावर किंवा भय्या चौकात दुपारी दोन वाजता डांबरावर उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवता येत नाही. वर पत्रा तापलेला, खालून रस्ता तापलेला, समोरून वारा नाही, आत एसी चालू. काटा वर सरकला की ड्रायव्हर आधी एसी बंद करतो, मग काचा खाली घेतो, मग बॉनेट थोडं उचलून काठीचा टेकू देतो. ही काठी बऱ्याच गाड्यांत सीटखाली ठेवलेली सापडते. लाठीचा हा उपयोग कुठल्या नियमावलीत नाही, पण ती तिथे असते.

पोलिस पॅकेजमध्ये रेडिएटर मोठा असतो, पंखा जास्त ताकदीचा असतो आणि मुख्य म्हणजे प्रत्येक तेलाला वेगळा कूलर असतो. कूलर म्हणजे छोटा रेडिएटरच, पण त्यातून पाण्याऐवजी तेल फिरतं. इंजिन ऑइलला एक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला एक, बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगच्या तेलालाही एक. १९९० च्या दशकापासून २०११ पर्यंत अमेरिकी पोलिसांची ओळख बनलेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया तिच्या नागरी बहिणीपेक्षा वेगळी होती ती बरीचशी याच गोष्टींत. वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच.

इथे बीएस-६ ची, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या नव्या नियमांची, एक नवी अडचणही आली आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी भरली की गाडी स्वतःच धूर जास्त तापवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी ५५०-६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ते गाडी हायवेवर काही वेळ सलग पळाली की सहज मिळतं. उभ्या गाडीचा धूर त्याच्या जवळपासही जात नाही. शहरात उभी राहणारी, चौकातून चौकात सरकणारी गाडी ही गाळणी भरत राहते. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी दम धरत नाही आणि शेवटी वर्कशॉपला जाते. उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा त्या गाडीला मोहोळपर्यंत सलग नेऊन आणायचं. पण डिझेलच्या लॉगबुकात "गाळणी साफ करण्यासाठी फेरी" असं कुणी कसं लिहायचं? तसा रकाना हवा.

गड्ड्याची मिरवणूक आणि क्लच

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, नंदीध्वजांची मिरवणूक निघते. बाळीवेसपासून गर्दी दाटलेली असते. तिच्या पुढे-मागे पोलिसांची गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकते. पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच, दोन हात पुढे, पुन्हा थांबा. आषाढीला पंढरपुरात तेच, फक्त कितीतरी पटीनं.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकांमध्ये दाबून धरलेली घर्षणाची थाळी. अर्धवट दाबली की ती घासत राहते, घासली की तापते, आणि जळक्या लायनरचा तो ओळखीचा वास येतो. तीन-चार तासांची एक मिरवणूक क्लचप्लेटचं आयुष्य कितीतरी महिन्यांनी कमी करते. अमेरिकी पोलिस गाड्या ऑटोमॅटिक असतात. त्यात इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते, घासणारी थाळी त्या जागी नसते. सरकत सरकत चालणं त्यांना क्लचच्या गाडीपेक्षा कितीतरी सोपं जातं, तेल थंड ठेवलं की झालं. मला विचाराल तर आपल्या बंदोबस्ताच्या गाड्यांत ऑटोमॅटिक आणावी, हा मुद्दा वेगाच्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा मोठा आहे. ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याचंही त्यात भलं आहे.

ब्रेक: जिथे खरंच कसूर चालत नाही

गाडी थांबते म्हणजे तिच्या वेगातली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. दोन टन वजनाची गाडी ताशी १२० वरून थांबवली तर निघणाऱ्या उष्णतेत तीन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. आपण घरगुती गाडीत असा ब्रेक क्वचित मारतो आणि नंतर डिस्क निवायला भरपूर वेळ मिळतो. पाठलागात किंवा तातडीच्या कॉलवर असे ब्रेक मिनिटाला दोन-तीन लागतात.

दर वेळी थोडी उष्णता शिल्लक राहते. पॅड तापून त्यांची पकड कमी होते. त्याहून धोकादायक म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. नवं डॉट-३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल धरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल पोकळ लागून तळाला जातं. पाय पूर्ण खाली, गाडी तशीच पुढे.

पोलिस पॅकेजमध्ये डिस्क मोठ्या, पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर मोठे, पॅड उष्णता सोसणारे आणि चाकं बहुधा स्टीलची असतात. अलॉय दिसायला छान, पण दुभाजकावर आदळलं की तडकतं. स्टीलचं चाक वाकतं आणि बऱ्याचदा ठोकून सरळ होतं. टायरही जास्त वेग सोसणारे लागतात. टायरच्या कडेला शेवटी एक अक्षर असतं, ते त्याची वेगमर्यादा सांगतं. अमेरिकी पोलिस गाड्यांवर बहुधा ताशी २४० पर्यंतचे टायर असतात. आपल्याकडे एवढ्याची गरज नाही. पण ब्रेक ऑइल डॉट-४ चं असावं आणि दर वर्षी बदलावं, याला पोलिस पॅकेजही लागत नाही, लागतो तो वर्कशॉपच्या वेळापत्रकात एक दिवस.

सीट, दार आणि पत्रा

बारीक वाटणाऱ्या गोष्टींवर तिथे किती विचार केला आहे ते बघण्यासारखं आहे. पुढच्या सीटची कड कंबरेच्या पट्ट्यावरचं पिस्तूल टोचू नये म्हणून कापलेली असते. सीटच्या पाठीत पोलादी पत्रा असतो, मागे बसवलेल्या आरोपीनं भोसकू नये म्हणून. मागची सीट आणि जमीन धुता येईल अशी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणजे मधली जागा रेडिओ आणि लॅपटॉपला मोकळी. दार उघडलं तरी आतला दिवा लागू नये अशी सोय, कारण अंधारात उतरणारा माणूस त्या उजेडात आयता दिसतो.

आणि मग दाराचा पत्रा. गाडीच्या दाराचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, रायफलची गोळी त्यातून आरपार जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या पोलिस गाडीत होते, ती साधी टोयोटा क्वालिस होती. कामटे साहेब त्याआधी सोलापूरचे पोलिस आयुक्त होते. इथल्या लोकांना ही गोष्ट आजही आतून लागते. फोर्डच्या पोलिस गाड्यांत पुढच्या दारात गोळी अडवणारी तबकडी कारखान्यातूनच बसवून मिळते. सगळ्या गाड्यांना ती लागत नाही. पण बसवायची तर कमानपाटे, ब्रेक आणि बिजागऱ्याही त्या वजनाच्या लागतात. नुसती तबकडी वाढवली तर एका बाजूचा जीव वाचवताना दुसरीकडून धोका वाढतो.

"पण चोर मोठ्या गाडीत पळाला तर?"

वेगाचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. अमेरिकेत पाठलागाच्या गाड्या खरोखर वेगवान असतात, फोर्डची एसयूव्ही ताशी सव्वादोनशेच्या आसपास जाते. मिशिगन राज्याचे पोलिस दर वर्षी नव्या पोलिस गाड्यांची जाहीर चाचणी घेतात आणि निकाल देशभर वाचले जातात. त्या चाचणीत वेगाबरोबर ब्रेकही मोजतात आणि सीटवर बसून सगळी बटणं हाताला येतात का, हेही बघतात.

सोलापुरात बोलेरोनं मोठ्या एसयूव्हीचा पाठलाग करू नये, इतकं साधं माझं मत आहे. उंच गाडी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आत पाच माणसं, ढाली, हेल्मेटं. ताशी १२० ला वळणावर ती सावरणं कुणाच्याही हातात नसतं. आणि गरजही नाही. शहरातून बाहेर पडायचे रस्ते मोजके आहेत: पुणे, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, विजापूर, मंगळवेढा, बार्शी. वायरलेसवरचा निरोप कुठल्याही इंजिनाच्या आधी नाक्यावर पोचतो. तो सेट चालू राहील एवढी वीज गाडीत असली पाहिजे, आणि तिथेच पुन्हा अल्टरनेटर आला.

"एवढा खर्च आपल्याला परवडेल का?"

अमेरिकेत पोलिस गाड्यांची बाजारपेठ एवढी मोठी आहे की कंपनीला वेगळी गाडी काढणं परवडतं. आपल्याकडे पोलिस हा राज्याचा विषय, खरेदी राज्यवार आणि तुकड्या-तुकड्यानं, भर किमतीवर. वेगळी पोलिस बोलेरो कारखान्यातून यावी अशी अपेक्षा आज धरता येणार नाही, हे मान्य. बोलेरोची निवडही चुकीची नाही. भक्कम चासी आहे, सुटे भाग अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत मिळतात, कुठलाही मिस्त्री ती उघडू शकतो. हा गुण छोटा नाही.

पण पूर्ण पॅकेज नाही म्हणून काहीच नाही, असं का? दिवे, सायरन नंतर बसवतातच ना? त्याच वेळी जास्त अँपिअरचा अल्टरनेटर आणि वायरलेससाठी वेगळी दुसरी बॅटरी बसवता येईल, म्हणजे सेट चालूनही स्टार्टरची बॅटरी राखीव राहील. जुने फिरते दिवे उरले असतील तिथे एलईडी लावता येतील, त्यांना वीज फार कमी लागते. तासांचं मीटर ही तर अगदी किरकोळ वस्तू आहे. ११२ च्या गाड्यांवर जीपीएस आहेच. त्याला इग्निशनची वायर जोडलेली असेल तर इंजिन चालू आणि वेग शून्य असे तास कुठल्यातरी सर्व्हरवर आजही जमा होत असतील. कुणीतरी ती बेरीज करून महिन्याच्या एक तारखेला एमटी, म्हणजे मोटार परिवहन विभागाच्या टेबलावर ठेवायची आहे. किती तास झाले की तेल बदलायचं हे ठरलं, की वर्कशॉपमधली निम्मी भांडणं मिटतील.

खासगी गाडीवर लाल-निळे चमकणारे दिवे किंवा सायरन लावणाऱ्यांसाठी एवढंच: ते बेकायदा आहे, आणि त्या वायरिंगनं अल्टरनेटरचं जे होतं ते वर लिहिलंच आहे.

लिलावातली गाडी घ्यावी का?

हा प्रश्न इथे बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, कारण सरकारी गाडी कमी चाललेली आणि स्वस्त असते असा समज आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुन्हा होत नाही, ती भंगार केंद्रातच जाते. त्याआधीच सेवेतून काढलेली गाडी विक्रीला आली तर काट्यावरचा आकडा बाजूला ठेवा. ऐंशी हजार दाखवणाऱ्या गाडीचं इंजिन दोन लाखांचं म्हातारं असू शकतं.

ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून वर-खाली हलवा, बिजागरी सैल असेल तर ती किती वेळा उघडली ते कळेल. सीटची उजवी कड आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, ते काट्यापेक्षा खरं बोलतात. इंजिन सुरू करून १५ मिनिटं उभंच ठेवा, एसी लावून, आणि तापमानाचा काटा, तेलाचा दिवा बघत राहा. मग तेल भरायचं झाकण काढून त्यातून धुराचा भपका येतो का ते पाहा. येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनकामाचा खर्च किमतीत धरा. शेवटी डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरिंग बघा. सेट आणि सायरन काढताना कापलेल्या वायरी बऱ्याचदा नुसत्या टेप गुंडाळून सोडलेल्या असतात, आणि त्यातली एखादी अजून थेट बॅटरीला जोडलेली असते.